स्पर्शाचा उंबरठा

पंचेंद्रियांमध्ये स्पर्शाला आपण शेवटचे स्थान देतो. डोळ्यांचा मान मोठा. 'दर्शन' या शब्दातच पाहणे, भेटणे आणि तत्त्वज्ञान असे सारे सामावलेले आहे. कानांचाही मान थोडा नाही, कारण श्रद्धा ही ऐकण्यातून येते असे संत पौल आपल्याला शिकवतो. स्पर्श मात्र हातापायांचा, कष्टाचा, मातीचा. तरीही ॲरिस्टॉटलने आत्म्याविषयीच्या आपल्या ग्रंथात हा क्रम उलटा लावला. इतर इंद्रिये नसली तरी प्राणी जगू शकतो, स्पर्श संपूर्ण नाहीसा झाला तर जगू शकत नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या या विचाराचा धागा पकडून संत थॉमस अक्विनास याने तर असे म्हटले की, माणसामाणसांत ज्याचा स्पर्श अधिक सूक्ष्म त्याची बुद्धीही अधिक तरल असते. दृष्टी अधू म्हणून कुणाची बुद्धी मंद ठरत नाही. परंतु स्पर्श बोथट झाला तर काहीतरी मुळातच बिघडले, असे या धर्मपंडिताला वाटत होते.

हा जुना विचार नव्याने आठवण्याचे कारण वैद्यकातले आहे. ज्यांचा स्पर्श मंदावला आहे अशा रुग्णांच्या त्वचेला अतिशय सौम्य कंपन दिले असता त्यांना अधिक जाणवू लागते, असे संशोधकांना आढळले आहे. १९९६ साली जेम्स कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात यासंबंधीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोटाच्या टोकाला इतका हलका दाब द्यायचा की तो माणसाला जेमतेम कळावा वा कळूच नये, आणि त्या दाबात यदृच्छेने कमीजास्त होणारे बारीक कंपन मिसळायचे. या कंपनामुळे मूळचा दाब अधिक वेळा ओळखला गेला. कंपन आणखी वाढवले, तेव्हा मात्र ओळखण्याची शक्ती पुन्हा घसरली. पुढे २००२ साली वृद्ध, पक्षाघाताचे आणि मधुमेहाचे रुग्ण यांच्यावर असेच प्रयोग झाले. २००३ साली कंप पावणाऱ्या तळव्यांच्या पादत्राणांवर उभे राहिलेल्या वृद्धांचे शरीर कमी डुलते असे आढळले; आणि गंमत अशी की, ते कंपन त्यांना स्वतःला जाणवतही नव्हते!

वरवर पाहता हे सारे विपरीत वाटते. गोंगाटात बोलणे ऐकू येत नाही हा आपला रोजचा अनुभव. मग हातापायाच्या कातडीत गोंगाट मिसळून जाणीव वाढेल कशी? याचे उत्तर घरातल्या पिठाच्या चाळणीत सापडते. चाळणी नुसती धरून ठेवली तर बारीक पीठही भोकांपाशी अडून राहते. बोटांनी हलकी टिचकी मारली की जे पडण्याच्या बेतात होते ते खाली पडते. जोरजोराने आपटली तर पिठाबरोबर कोंडाही उडतो आणि चाळण्याचा हेतूच बुडतो. आपल्या मज्जातंतूंनाही असाच एक उंबरठा आहे. दाब त्या उंबरठ्यापर्यंत पोचला नाही, तर मेंदूकडे निरोप जातच नाही. रोगाने वा वयाने हा उंबरठा उंच होतो. बाहेरचा क्षीण स्पर्श त्याच्या पायथ्याशी येऊन थांबतो आणि सौम्य कंपन त्याला अधूनमधून तेवढी एक पायरी वर उचलून देते. ही कल्पना मुळात वैद्यकातली नव्हेच. १९८१ च्या सुमारास इटलीतील भौतिकशास्त्रज्ञांनी पृथ्वीवरील हिमयुगांचे येणेजाणे उलगडण्यासाठी ती मांडली होती. हिमयुगातून पादत्राणात उतरलेली दुसरी कल्पना माझ्या ऐकिवात नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. जो तंतू पूर्ण मेला आहे त्याला हे कंपन जिवंत करीत नाही. काही शिल्लक असेल तरच ते उपयोगी पडते. परंतु शिल्लक किती आहे हे बहुधा रुग्णालाच ठाऊक नसते. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे, असा अंदाज २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून पुढे आला. त्यांतील अनेकांच्या पायातली चप्पल चालता चालता निसटते आणि त्यांना ते पुढे गेल्यावर कळते. डॉक्टर अशा रुग्णाला डोळे मिटायला सांगतात, अंगठ्याच्या हाडावर नादकाटा टेकवतात, नायलॉनच्या बारीक धाग्याने तळवा दाबतात आणि विचारतात, "लागलं का?" शाळेतल्या परीक्षेसारखी ही परीक्षा असते, आणि नापास झालेल्याला आपण कुठे चुकलो हे शेवटपर्यंत समजत नाही.

बधिरतेचे खरे स्वरूप आपल्याला दाखवून दिले ते कुष्ठरोग्यांनी. या रोगात बोटे 'झडतात' अशी समजूत शतकानुशतके होती. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांच्या दिनक्रमावर बारीक नजर ठेवली, तेव्हा त्यांना दिसले की रोग मांस खात नाही. रोग फक्त वेदना काढून घेतो. उरलेले काम चूल, खिळा, घट्ट कुलूप आणि रात्री कुरतडणारे उंदीर करतात. रुग्ण जळत्या निखाऱ्यातून भाकरी सहज उचलतो, कारण त्याला थांबवणारे कुणी आत उरलेले नसते. अमेरिकेत गेल्यावर डॉ. ब्रँड यांनी कृत्रिम वेदनेचे यंत्र तयार करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाब मोजणारी साधने बसवली. दाब वाढला की प्रथम कानाशी आवाज येई, आणि त्याकडे दुर्लक्ष होऊ लागले तेव्हा काखेत विजेचा धक्का देण्याची योजना केली. प्रयोग फसला. धक्का बसणार असे दिसले की रुग्ण यंत्र बंद करीत, काम उरकीत आणि पुन्हा सुरू करीत. ज्या वेदनेचे बटण आपल्याच हाती आहे ती आपल्याला वाचवू शकत नाही, हे डॉ. ब्रँड यांना वर्षांच्या परिश्रमानंतर मान्य करावे लागले.

मला या दोन प्रयोगांतला भेद महत्त्वाचा वाटतो. हातमोजा रुग्णाच्या वतीने जाणत होता आणि रुग्णाला आज्ञा करीत होता. सौम्य कंपन काहीच सांगत नाही. त्यात कोणताही निरोप नसतो. ते रुग्णाच्या स्वतःच्या जाणिवेला, जेवढी उरली असेल तेवढीला, काम करू देते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर पक्षाघाताच्या रुग्णांच्या मनगटाला कंपन दिले आणि बोटांच्या टोकांचा स्पर्श सुधारला. बोटे मोकळीच राहिली. मदत करणाऱ्याने मदत घेणाऱ्याच्या हाताची जागा अडवली नाही. आपल्या अनेक सेवाकार्यांना हे साधत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

आता प्रश्न नीतीचा. शरीराच्या बधिरतेवरून मनाच्या बधिरतेकडे उडी मारण्याचा मोह धर्मोपदेशकांना फार, आणि त्यापासून सावध राहिले पाहिजे. कुष्ठरोगाला पापाचे चिन्ह मानून आपण त्या रुग्णांवर जे लादले, ते पुन्हा लादण्याचा अधिकार कुणालाही नाही. ज्याच्या बोटांना लागत नाही तो निरपराध आहे, आणि त्याच्या बधिरतेची शिक्षा तो स्वतःच भोगतो. माझा प्रश्न धडधाकट हातांविषयी आहे. ज्यांना सर्व काही जाणवते, पण समोरच्या माणसाचे दुखणे जाणवत नाही, अशांच्या बधिरतेत जखम भलत्यालाच होते. निखारा एकाने धरायचा आणि भाजायचे दुसऱ्याने, असा हा प्रकार असल्यामुळे धरणाऱ्याला आपले काही बिघडले आहे असे कधी वाटतच नाही. त्याची बोटे शाबूत असतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारायचा तर भीमेच्या काठी जावे लागते. पुण्याहून अहमदनगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, जाणाऱ्या हमरस्त्यावर शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा हे गाव आहे. नदीच्या अलीकडच्या, म्हणजे पुण्याकडील तीरावर, पेरणे गावाच्या हद्दीत विजयस्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी कंपनीच्या तुकडीची येथे लढाई झाली. त्या तुकडीतील ज्या सैनिकांची नावे स्तंभावर कोरली आहेत, त्यांत 'नाक' या प्रत्ययाने संपणारी महार सैनिकांची नावे बावीस आहेत. लढाईचा अर्थ कसा लावावा याविषयी इतिहासकारांत वाद आहेत आणि त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले होते, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २० मार्चला, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एका ओंजळीने तळे बाटले म्हणून पुढे त्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले, हे सर्वश्रुत आहे.

पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने गळ्यात मडके अडकवावे आणि कमरेला झाडू बांधावा असा दंडक होता, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रबंधात लिहिले आहे. थुंकी जमिनीवर पडू नये, पाऊल उमटलेले राहू नये, यासाठी ही तजवीज. वरकरणी हे अतिसूक्ष्म संवेदनेचे लक्षण भासते. सावलीनेही ज्याला विटाळ होतो त्याची त्वचा केवढी नाजूक असेल! वस्तुतः ही संपूर्ण बधिरता होती. सावली जाणवत होती आणि सावलीचा माणूस जाणवत नव्हता. ॲरिस्टॉटल आणि संत थॉमस यांना जर स्पर्शाच्या सूक्ष्मतेत बुद्धीचे मूळ दिसत असेल, तर एका शास्त्रनिपुण समाजाची बुद्धी या एका ठिकाणी इतकी जड का झाली, याचे उत्तर मी त्याच्या बोटांतच शोधीन.

हीच भीमा पुढे पंढरपुरी चंद्रभागा होते. तेथे नुसते दूरचे दर्शन नसते. विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकता येते, आणि त्याला 'पदस्पर्श दर्शन' असे वेगळे नावच आहे. ज्या देवाचे पाय भक्ताच्या कपाळाला लागतात त्या देवाच्या दारापासून चोखोबाला दूर ठेवले गेले. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली तो गाडला गेला. ढिगाऱ्यातील ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा नाद येत होता ती नामदेवांनी ओळखून आणली, अशी परंपरेची कथा आहे. समाधी झाली ती महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. पुढे १९४७ साली साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते दार हरिजनांना उघडले. हाडांतला नाद ऐकायला कान लावावा लागतो, हे त्या कथेत मला नेहमीच मोठे वाटत आले आहे. तो मोठा आवाज नव्हता.

मोठ्या आवाजाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. सणसवाडीपासून पुढे रांजणगावपर्यंत या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आज कारखाने आहेत. जेथे जेथे ग्राइंडर आणि ड्रिल वर्षानुवर्षे हातात धरून काम चालते तेथे कामगारांच्या बोटांना मुंग्या येतात, थंडीत ती पांढरी पडतात आणि हळूहळू स्पर्श हरपतो. अमेरिकेतील इंडियाना राज्यात दगड फोडणाऱ्या कामगारांमध्ये हा विकार डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली नोंदवला होता. म्हणजे कंपन हेच औषध आणि कंपन हाच रोग, फरक मात्रेचा. १ जानेवारी २०१८ रोजी याच गावात दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा प्राण गेला, आणि राज्यभर काही दिवस केवळ आरडाओरड ऐकू येत होती. तेव्हा कुणी कुणाचे दुखणे अधिक जाणले असे मला वाटत नाही. प्रत्येकाने आपापल्या कानांवर हात ठेवले. अत्याचाराच्या बातम्या रोज आणि मोठ्या अक्षरांत वाचणाऱ्याचेही असेच होते. त्याची बोटे पांढरी पडतात.

शुभवर्तमानात स्पर्शाच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली मार्कच्या पहिल्या अध्यायातली. कुष्ठरोगी गुडघे टेकून विनवतो आणि प्रभू येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. शब्दाने बरे करणे त्याला अशक्य नव्हते. इतरत्र त्याने दुरूनही बरे केले आहे. येथे स्पर्श आधी आणि आरोग्य नंतर येते, म्हणजे स्पर्श झाला तेव्हा तो मनुष्य कुष्ठरोगीच होता. हा क्रम पुढे फार थोड्यांना पाळता आला. वरोऱ्याच्या रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीरामला पाहून मुरलीधर देवीदास आमटे हा धाडसी तरुण वकील आधी घाबरून पळाला होता. त्या पळण्याची बोच त्याला परत घेऊन आली, आणि १९४९ साली महारोगी सेवा समिती व नंतर आनंदवन उभे राहिले. त्याच्याही आधी सेवाग्रामात गांधीजी परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश करीत. दोघांनाही व्याख्यानातून सहानुभूती सांगता आली असती.

दुसरी घटना पाचव्या अध्यायातली. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत मागून येते आणि वस्त्राला हात लावते. मला कुणी स्पर्श केला, असे येशू विचारतो. शिष्यांना हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, कारण चहूकडून लोक अंगावर रेटत होते. शिष्यांचे म्हणणे हिशेबाला धरून होते. तरीही त्या रेटारेटीत एकच क्षीण स्पर्श ओळखला गेला. कंपनाच्या प्रयोगांविषयी वाचल्यावर मी हा प्रसंग निराळ्या रीतीने वाचू लागलो आहे. गर्दी टाळून एकांतात बसलेल्याला तो स्पर्श मिळालाच नसता. ती स्त्री गर्दीच्या आडोशानेच पुढे येऊ शकली, आणि गर्दीत वावरणाऱ्यालाच तो जाणवला. आपल्या सुखासीन मौनात आपण शांतपणे बसतो व त्यालाच मनःशांती म्हणतो, तेव्हा चाळणी स्थिर असते आणि पीठ अडलेले असते.

मग आपल्या घरचे काय? भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. त्यात ख्रिस्तसभेतही अस्पृश्यता आणि भेदभाव चालतो, आणि तो ताबडतोब थांबला पाहिजे, हे उघडपणे मान्य केले आहे. एक कोटी नव्वद लाख कॅथलिकांपैकी एक कोटी वीस लाख दलित असल्याचेही त्यात नमूद आहे. ज्या मंडळीत दोन तृतीयांशांच्या जवळपास माणसे पूर्वी स्पर्शाबाहेरची ठरवलेली होती, तिला हे लिहायला २०१६ साल उजाडले! नगर जिल्ह्यातील आणि या रस्त्यावरील आपल्या अनेक कुटुंबांना ही गोष्ट परिषदेने सांगावी लागत नाही. सोयरिकीची बोलणी कुठवर येऊन थांबतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

कायद्याचेही असेच. कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार १९८२ पासून उपलब्ध आहे, रोग पूर्ण बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर लवकरच संसर्गाची भीती उरत नाही. असे असताना २००१ साली ख्रिस्ती समाजाच्या घटस्फोट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हे कारण त्यात नव्याने घातले गेले. ते निघाले २०१९ साली. वेदीपुढे आजारपणातही साथ देण्याचे वचन घेणाऱ्या आपल्या समाजातून या कलमाविरुद्ध त्या अठरा वर्षांत मोठी हाक उठल्याचे मला आठवत नाही. आपला विवाह अविघटनीय, तेव्हा हा कायदा आपल्याला लागू नाही, असे कदाचित आपण मानले असेल. पण नागरी कायद्यात लिहिलेले वाक्य रुग्णाने वाचले, की त्याच्या घरातला स्पर्श बदलतो.

कुणी म्हणेल, स्पर्शाचे इतके गोडवे कशाला. स्पर्शाने अपमानही होतो आणि बळजबरीही. हे खरे आहे, आणि आजच्या काळात ते सांगण्याची गरजही आहे. म्हणूनच संस्कारविधीत स्पर्शाला जागा आणि मर्यादा दोन्ही नेमून दिल्या आहेत. रुग्णाभ्यंगात पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात व पाय यांना तेल लावीत. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली हा विधी सोपा केला, तेव्हा कपाळ आणि हात एवढेच ठेवले. धर्मगुरू आधी निःशब्दपणे रुग्णाच्या मस्तकावर हात ठेवतो. रुग्णाला त्या क्षणी किती जाणवत असेल हे कोण सांगणार? विधी मात्र त्याच्या हाताला अजून जाणवते असे गृहीत धरून चालतो.

शांतीच्या चिन्हाविषयीही असेच आहे. १९६९ साली रोमने भारतासाठी मिस्साविधीतील बारा अनुकूलने मंजूर केली. त्यांत शांतीचे चिन्ह अंजलिमुद्रेने द्यावे, किंवा देणाऱ्याने आपले हात घेणाऱ्याच्या हातांमध्ये ठेवावेत, असे म्हटले आहे. दोन्ही केले तरी चालते. आपल्या बहुतेक धर्मग्रामांत पहिला पर्याय रूढ झाला. तो सुंदर आहे, आपल्या मातीतला आहे, आणि २०२० च्या साथीनंतर तर तोच सुरक्षित ठरला. शिवाय त्यात सोय अशी की, शेजारच्या बाकावरचा कोण, कुठल्या वाडीचा, हे न पाहताही तो उरकता येतो. दुसरा पर्याय अजून तसाच आहे. त्यासाठी कुणाची नवी परवानगी लागत नाही.